बूस्टर नसलेल्या घरी बांधलेल्या गाडीला ब्रेकचा मास्टर सिलिंडर कुठल्या मापाचा घेऊ?

चेसिसवेडा:
मंडळी, जरा सल्ला हवाय. दोन सीटची पाइप चेसिसची गाडी बांधतोय, वजन साधारण 600 किलो होईल. चारी चाकांना डिस्क ब्रेक, कॅलिपर (डिस्कला चिमटीत धरणारे) सगळे एकाच डोनर गाडीचे, म्हणजे जिचे सुटे भाग वापरतोय तिचे. पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला जागाच नाहीये म्हणून तो लावणार नाही. डोनरचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा) एक इंची आहे, गाडी हलकी आहे तर तोच चालून जाईल ना? पाइप आणि ब्रेक ऑइलचंही सांगा.

बारानंबरपाना:
एक इंची नको लावूस. तो बूस्टरच्या जोरावर चालायला बनवलेला असतो, बूस्टर काढलास की पेडल दगडासारखं लागेल आणि गाडी थांबणार नाही. मोठा सिलिंडर म्हणजे जोरदार ब्रेक असं बऱ्याच जणांना वाटतं पण प्रेशरच्या बाबतीत बरोबर उलटं आहे. हिशोब करून बघ, पेडलचा रेशो 6:1 धर, पायाचा जोर 30 किलो, म्हणजे सिलिंडरच्या दांड्यावर 180 किलो. एक इंची बोअरचं (आतल्या व्यासाचं) क्षेत्रफळ 5.07 चौ. सेमी, प्रेशर आलं साधारण 35 बार. पाऊण इंचीचं 2.85, तिथे तेवढ्याच पायाला 62 बार मिळतं. बदल्यात पेडल त्याच प्रमाणात जास्त आत जातं, म्हणून आधी कॅलिपरचे पिस्टन मोज, ते मोठे असतील तर लहान सिलिंडर पुरेसं ऑइल ढकलायच्या आतच पेडल तळाला टेकेल. मी पाऊण इंची टँडमपासून (दोन वेगळी सर्किट असलेल्या सिलिंडरपासून) सुरुवात करेन. टँडमच घे, एक सर्किट फुटलं तरी दुसरं चालू राहतं, यात काटकसर नको. आणि तुझा पेडल रेशो किती आहे ते लिहिलंच नाहीस?

चेसिसवेडा:
आत्ता मोजला, 4:1 भरतोय. पेडलही डोनरचंच आहे.

बारानंबरपाना:
मग आधी पेडल बदल. 4:1 हा बूस्टरवाल्या गाडीचा रेशो, बूस्टरशिवाय 6:1 च्या आसपास पाहिजे. पेडल ज्या पत्र्यावर बसवणारेस तोही जाड कर, दाबल्यावर पत्रा वाकला तर पेडलचा अर्धा प्रवास तिथेच जातो.

मागचंचाक:
वरच्याशी सहमत, पण पुढे-मागे बॅलन्स विसरू नकोस. मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी फिरते, पुढची आधी झाली तर निदान सरळ जाते. मागच्या लाइनला ॲडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह टाक आणि रिकाम्या मोकळ्या जागी हळूहळू सेट कर. तो फक्त मागचं प्रेशर कमी करतो, वाढवत नाही, तेव्हा मागचा ब्रेकच कमी पडत असेल तर कॅलिपर किंवा डिस्क बदलावी लागेल.
पाइप कॉपर-निकेलचा घे, हाताने छान वाकतो. साधा तांब्याचा नको, कंपनाने कडक होऊन चिरतो. ऑइल डॉट 4. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, बाकीच्यांत मिसळू नये.
सिलिंडर कॅलिपरपेक्षा खाली येत असेल तर डिस्कच्या लाइनला 2 पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (लाइनमध्ये थोडं प्रेशर टिकवणारा) लागेल, नाहीतर ऑइल उलटं उतरतं.

बारानंबरपाना:
अजून एक, नटाचे आटे नीट बघ. एम10 बाय 1 आणि 3/8 इंच 24 आट्यांचा नट हातात सारखेच वाटतात, इंची नट मेट्रिक भोकात थोडा शिरतोही, पण धरत नाही. फ्लेअरही (पाइपचं फुलवलेलं टोक) सिलिंडरच्या सीटला जुळणारा हवा, डबल की बबल ते पाइप कापायच्या आधी बघून घे. आणि कॅलिपर बसवताना ब्लीडरचा (हवा काढायचा) निपल वरच्या बाजूला आलाय ना ते बघ, डावं-उजवं बदललं की निपल खाली जातो आणि मग कितीही ब्लीड केलंस तरी हवा निघत नाही.