आरोग्याच्या मोहिमेत 'माझी कहाणी' किती चालवायची?

आकडेमोड: सरळच लिहितो. आरोग्याची कुठलीही मोहीम असो, हल्ली कुणाला तरी स्टेजवर आणून कहाणी सांगायला लावतात, लोक डोळे पुसतात आणि मग निर्णयही त्याच भरात होतात. मला हे धोक्याचं वाटतं. १९९८ मध्ये वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरचा पेपर लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यात मुलं होती फक्त १२. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एमएमआर लसीने ऑटिझम होतो असं त्यातून सिद्ध होतच नव्हतं, पण पेपर वाचतंय कोण, टीव्हीवर आई सांगत होती की लस दिली आणि आमचं बोलणारं मूल गप्प झालं. विषय संपला. लॅन्सेटने पेपर मागे घेतला २०१० ला, तोवर मधल्या काळात इंग्लंडमधलं लसीकरण ९२ टक्क्यांच्या आसपास होतं ते ८० पर्यंत खाली येऊन गेलं होतं. आणि त्या आया खोटं बोलत नव्हत्या, गोची तिथेच आहे. ऑटिझमची लक्षणं ज्या वयात दिसायला लागतात साधारण त्याच वयात ही लस देतात. अनुभव खरा, कारण चुकीचं.

रात्रपाळी: साफ असहमत. आमच्या घरात एमडीआर टीबी (नेहमीच्या औषधांना न जुमानणारा) होऊन गेलाय, बहिणीला. कानामायसिनची इंजेक्शनं महिनोन्महिने चालू होती. ती म्हणायची कानात सारखं वाजतंय, तर उत्तर काय, अशक्तपणा आहे, नीट खात जा. मग फोन या कानावरून त्या कानावर न्यायला लागली, मग स्पीकरवर टाकायला लागली, आणि आम्हाला कळलं तेव्हा उशीर झाला होता. आता मला सांगा, हे औषध कान घालवतं हे पुस्तकात कित्येक दशकं छापलेलं होतं ना? आकडे होतेच की! काय उपयोग झाला त्यांचा? आपल्याकडची नंदिता वेंकटेसन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले, दोघींचं ऐकणं टीबीच्या औषधांनी गेलं. दोघींनी २०१९ मध्ये बेडाक्विलिन या एमडीआर टीबीवरच्या गोळीचं पेटंट लांबू नये म्हणून भारतात हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीचा पेटंट लांबवणारा अर्ज फेटाळला गेला.

आकडेमोड: अहो हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण झालं. जुन्याच औषधाच्या एका क्षारात (सॉल्ट, म्हणजे त्याच औषधाचं वेगळं रासायनिक रूप) नवा शोध म्हणावा असं काही नाही, हा टेक्निकल मुद्दा होता. कहाणी ऐकून कुणी पेटंट नाकारत नाही.

रात्रपाळी: मुद्दा सगळ्यांसाठी मोकळा पडला होता, उचलला कुणी?

काठावरचा: मधेच घुसतो, कारण तुम्हा दोघांच्या भांडणात एक गोष्ट राहतेय. कहाणी *कुणाची* चालते? रायन व्हाइट हा अमेरिकेतला शाळकरी मुलगा, हिमोफिलियाचा (रक्त नीट न गोठण्याचा आजार) पेशंट, रक्तातून बनवलेल्या औषधातून एचआयव्ही झाला, शाळेने प्रवेश नाकारला, आणि १९९० मध्ये तो गेल्यावर अमेरिकेत त्याच्या नावाने कायदा झाला. चांगलंच झालं, त्यातून असंख्य लोकांना उपचार मिळाले. पण त्याआधी हजारो समलिंगी पुरुष आणि नशेची इंजेक्शनं घेणारे त्याच रोगाने मेले होते, त्यांच्याही आया होत्या. पण पब्लिकला 'बिचाऱ्याची काय चूक' असा पेशंट लागतो. फुप्फुसाच्या कॅन्सरवाल्याला पहिला प्रश्न 'सिगरेट ओढायचात का', तो काय स्टेजवर जाणार! आणि लसीमुळे ज्याला गोवर झालाच नाही त्याच्याकडे तर सांगण्यासारखं काहीच नसतं, म्हणून लसविरोधकांच्या कहाण्या ढीगभर आणि दुसऱ्या बाजूला नुसते तक्ते.

आकडेमोड: +१. म्हणूनच म्हणतो, तक्त्यांवर चाला.

काठावरचा: नाही हो, उलटं म्हणतोय मी. ज्यांना कुणी बोलवत नाही त्यांना बोलवा.

रात्रपाळी: बोलवण्याचंही ऐका मग. बहिणीला एका कार्यक्रमात आयोजक म्हणाले (लिहूनच दिलं, तिला ऐकू येत नाही), 'रडू आलं तर आवरू नका'. ती खवळली. तेव्हापासून कहाणी दोन वाक्यांत उरकते आणि समोरच्यांना एकच विचारते, ज्यांना अजून अमिकासिनची (कानामायसिनच्याच जातीचं औषध) इंजेक्शनं चालू आहेत त्यांची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, दर महिन्याला होते का? २०१८ पासून डब्ल्यूएचओ सांगतेय की कानामायसिन नको, तोंडावाटे घ्यायच्या गोळ्यांना आधी पसंती द्या, पण इंजेक्शन अजून पूर्ण गेलेलं नाही. हा प्रश्न कुठल्या पुस्तकातून नाही आला तिला.

आकडेमोड: हा प्रश्न मला मान्य. पण तो विचारायला बहीणच कशाला पाहिजे, कुणीही विचारू शकतं.

रात्रपाळी: विचारा ना मग. अडवलंय कुणी?

काठावरचा: उत्तर काय मिळतं पण तिला?

रात्रपाळी: काही जण हो म्हणतात. बाकीचे म्हणतात मशीन आहे, चालवायला माणूस नाही.

आकडेमोड: कुठे काय उत्तर मिळालं ते तारखेसकट लिहून ठेवलंय का तिने? असेल तर पाठवा, मी तक्ता करून देतो. फोटो नको.

रात्रपाळी: वहीत आहे. विचारते तिला. आणि फोटोचं तिचं ती ठरवेल.