मित्राला चांदीचं नाणं सापडतं, मला फक्त बुचं आणि खिळे. माझं काय चुकतंय?

मी आणि माझा मित्र गेले तीन-चार महिने सुट्टीच्या दिवशी मेटल डिटेक्टर घेऊन फिरतोय, दोघांकडे एकाच कंपनीचं एकच मॉडेल आहे, एकाच दिवशी घेतलेलं. परवा एका नांगरलेल्या शेतात गेलो होतो (मालकाला विचारून, उगाच सुरू होऊ नका), मी ज्या पट्ट्यावरून दोनदा गेलो त्याच पट्ट्यात मागून येऊन त्याने चांदीचं नाणं काढलं. वीतभर खोलीवर. मी त्यावर कॉइल (मशीनच्या खालची, जमिनीवरून फिरवायची चकती) फिरवलेली असणार, शंभर टक्के. माझं मशीन सारखं किटकिट करतं, विशेषतः त्याच्या जवळ असलो की, म्हणून मी सेन्सिटिव्हिटी कमी करून ठेवतो. बुचं नकोत म्हणून डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूंचे सिग्नल गाळायची सेटिंग) पण बरंच वर आहे. मशीन खराब आहे की मी?

गंजका_खिळा
मशीन पण बरं आहे आणि तुम्ही पण. "त्याच्या जवळ असलो की" हे तुम्हीच लिहिलंय आणि उत्तर तिथेच आहे. दोन्ही मशीन एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतात, त्यामुळे तुमच्या कॉइलला त्याच्या कॉइलचं ऐकू येतं, जमिनीतलं नाही. पुढच्या वेळी मित्राला दोन मिनिटं मशीन बंद करायला सांगा, किटकिट थांबली की समजलंच. मग एकाने फ्रिक्वेन्सी थोडी सरकवायची, मेन्यूत नॉइज कॅन्सल किंवा चॅनल असं काहीतरी असेल, ते दोघांनी एकाच वेळी न करता एकेकाने करायचं आणि दुसऱ्याचं मशीन तेव्हा चालू हवं, नाहीतर काय ऐकून बदलणार ते! तरी दहा-पंधरा मीटर अंतर ठेवाच. गप्पा मारत शेजारी शेजारी चालायचं असेल तर चालायलाच जा.

सेन्सिटिव्हिटी खाली आणली की सगळ्यात आधी खोली जाते, वरची बुचं तशीच वाजत राहतात. म्हणजे बुचं तुम्हाला आणि नाणं त्याला, हिशोब बरोबर जुळतोय :)

उभं_नाणं
वरच्यांशी सहमत, पण डिस्क्रिमिनेशनबद्दल कोणी बोललं नाही. चांदी विजेची सगळ्यात चांगली वाहक, त्यामुळे जाड मोठं नाणं स्क्रीनवर (धातू कोणता असेल ते सुचवणारा) अगदी वरचा आकडा दाखवतं, ते ठीक. पण जुनी हाताने ठोकून पाडलेली नाणी पातळ आणि छोटी असतात, त्यांचा आकडा बराच खाली येतो, थेट फॉइल आणि कॅनच्या रिंगांच्या घरात. तुम्ही रिंगा बंद केल्या म्हणजे ती पण बंद केली. मी फक्त लोखंड कापतो, बाकी सगळं खणतो, कंबर मोडते पण इलाज नाही.

दुसरं म्हणजे शेजारी खिळा असेल तर एका दिशेने नाणं ऐकूच येत नाही. नाणं उभं गाडलेलं असेल तरी सिग्नल बारीक होतो. म्हणून त्याच पट्ट्यावर दोनदा जाताना दुसऱ्यांदा आडवं जायचं, काटकोनात. आणि हळू! प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढली पाहिजे, झाडू मारल्यासारखं नको. कॉइल टोकाला वर उचलली जाते का तेही बघा, बहुतेक सगळ्यांची जाते. पाऊस पडून गेल्यावर ओलसर जमिनीत खोलवरचे सिग्नल जास्त स्पष्ट येतात असा माझा अनुभव.

मूळ प्रश्नकर्ता
अरे बापरे, झाडूच मारतोय मी. बाय द वे मित्राने ते नाणं तिथल्या तिथे पँटला घासून चकाचक केलं, आता त्यावर बारीक रेषा दिसतायत. कायतरी उपाय?

उभं_नाणं
उपाय नाही. चांदी मऊ असते, मातीतले वाळूचे कण सँडपेपरचं काम करतात. घरी नेऊन साध्या पाण्यात भिजवायचं, माती आपोआप सुटते, टिपून वाळवायचं, टूथपेस्ट वगैरे अजिबात नाही. काळा थर असला तरी राहू दे, जाणकार तोच बघतात.

कडेकडेने
चांदीचंच आहे ना पण? कडा बघा. कडेला तांबूस रेघ दिसली तर दोन धातूंच्या थरांचं आधुनिक नाणं. साल दिसत असेल तर अजून सोपं, अमेरिकेची रोजच्या वापरातली डाइम आणि क्वार्टर १९६४ पर्यंत ९० टक्के चांदीची होती, ब्रिटनने १९२० मध्ये ९२.५ वरून ५० टक्क्यांवर आणली आणि १९४७ पासून चांदी काढूनच टाकली. आणि एकाच खड्ड्यात पाच-दहा निघाली तर खणणं थांबवा, जागा तशीच ठेवा आणि तिथल्या कायद्याप्रमाणे कळवा. तो साठा असतो, आणि कुठलं नाणं कशाच्या वर होतं हे एकदा उपसलं की गेलं.

मूळ प्रश्नकर्ता
अपडेट. काल परत तिथेच गेलो. मित्राने मशीन बंद केलं आणि माझं एकदम गप्प, किटकिट शून्य!! सेन्सिटिव्हिटी चढवली, आडवं गेलो, हळू. अकरा रिंगा, एक बक्कल, आणि बाराव्या रिंगेसारखाच आकडा होता तो खणला तर नखाएवढं पातळ चांदीचं नाणं, अर्धवट कापलेलं. पँटला घासलं नाही. आता मित्र म्हणतोय मी मशीन बंद करून बसलो म्हणून सापडलं, तर अर्धं माझं. आधीच अर्धं आहे त्यातलं अर्धं कसं देऊ?

गंजका_खिळा
रिंगा द्या त्याला, साडेपाच.