डॉट कॉममधल्या ‘कॉम’ला काय म्हणावं?

सांजवात: संकेतस्थळाच्या पत्त्यात, म्हणजे डोमेनमध्ये, शेवटच्या टिंबानंतर ‘कॉम’, ‘इन’, ‘भारत’ असं काही येतं, त्याला मराठी शब्द आहे का? एका लेखात ‘प्रत्यय’ वाचलं. पटलं नाही.

ओसरी: प्रत्यय नकोच. प्रत्यय शब्दाचं रूप पालटतो, घराला घरी करतो. इथे तसं काही होत नाही. शिवाय पत्ता शोधणारी यंत्रणा उजवीकडून वाचते: आधी ‘इन’ कुणाकडे आहे ते पाहते, मग डावीकडे सरकते. मूळ घराणं शेवटी! मी ‘आडनाव’ म्हणेन. आपणही आधी स्वतःचं नाव लिहितो, मग वडिलांचं, मग आडनाव.

सांजवात: म्हणजे भारताचं ‘इन’ हे सातारकर आणि ‘कॉम’ हे कुलकर्णी?

ओसरी: बरोबर! ‘कॉम’ १९८५ साली व्यापारी संस्थांसाठी निघालं, आता कुणीही लावतं. आजचे कुलकर्णी तरी कुठे गावचं दप्तर सांभाळतात? ‘टीव्ही’ खरं तर पॅसिफिकमधल्या तुवालू या चिमुकल्या देशाचं, ‘एआय’ कॅरिबियनमधल्या अँग्विलाचं. त्या बेटांवर कधी पाऊल न ठेवलेली मंडळी पैसे भरून तुवालूकर झाली आहेत.

खलबत्ता: आडनाव असं विकत मिळतं होय?

ओसरी: नवं घराणंसुद्धा काढता येतं. अशी नवी आडनावं देण्याच्या २०१२ च्या फेरीत नुसत्या अर्जाचे १,८५,००० डॉलर होते. ‘.गूगल’ त्यातलंच.

खलबत्ता: मग देवनागरी लिपीतल्या आडनावांचंही ऐका. ‘.भारत’ २०१४ पासून मिळतं. मराठी, कोकणी, हिंदी धरून आठ भाषांना मिळून हे एकच. ‘.कॉम’ही नागरीत आहे. पण ‘ऑर्ग’ (ऑर्गनायझेशन) चालवणाऱ्या संस्थेने नागरीत काय काढलं? ‘.संगठन’! आपण ‘संघटना’ म्हणतो, फार तर ‘संघटन’. सवयीने ‘घ’ टंकलात की पत्ता सापडत नाही. नागरी म्हटलं की हिंदीच, असं ही मंडळी गृहीत कसं धरतात कोण जाणे. बाकी शब्दाचं म्हणाल तर आमच्या ऑफिसात सगळे ‘एक्स्टेन्शन’ म्हणतात.

सांजवात: ‘डोमेनचं आडनाव’ लिहून पाठवते. संपादकांनी खोडलं तर ‘शेपूट’ लिहीन, ‘प्रत्यय’ नाही.