आयईपीचा आढावा: ‘प्रगती होत आहे’ याखेरीज काय लिहायचं?

चौथीच्या_बाई

नमस्कार. जिल्हा परिषद शाळा, चौथीचा वर्ग, पट ३१. वर्गात बौद्धिक अक्षमता असलेला एक विद्यार्थी आहे, त्याचं यूडीआयडी कार्डही (दिव्यांगांचं ओळखपत्र) आहे. जुलैत विशेष शिक्षकांबरोबर त्याचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा (आयईपी) केला. उद्दिष्टं अशी: अंकज्ञान वाढवणे, वाचनाची गोडी लावणे, स्वावलंबन. विशेष शिक्षक महिन्यातून दोनदा येतात. आता दिवाळीआधी आढावा आहे, पालकही येतील. १ ते २० मधले काही अंक त्याला येतात, पण नेमके किती ते सांगता येत नाही. उद्दिष्टं मध्येच बदलली तर चालतात का? आणि ३१ मुलांच्या वर्गात नोंदी करायच्या कशा?

फिरती_विशेष_शिक्षिका

ताई, उद्दिष्टं अवश्य बदला. फक्त जुनं खोडू नका. त्याखाली तारीख टाकून नवं लिहा आणि का बदललं ते एका ओळीत नोंदवा. ‘अंकज्ञान वाढवणे’ हे मोजताच येत नाही, म्हणून तुमचा प्रगतीचा रकाना रिकामा राहतोय.

उद्दिष्टात चार गोष्टी दिसायला हव्यात: कोणत्या परिस्थितीत, मूल काय करेल, किती अचूक, कधीपर्यंत. तुमच्या विद्यार्थ्यासाठी असं लिहिता येईल: ‘१ ते २० ची अंककार्डं मिसळून एकेक दाखवल्यावर २० पैकी १२ अंक मदतीशिवाय, प्रत्येकी पाच सेकंदांत सांगेल. लागोपाठ तीन मोजणीच्या दिवशी. डिसेंबरअखेर.’

हा १२ चा आकडा मनाने टाकायचा नाही. आधी आजची पातळी काढा. तीन वेगवेगळ्या दिवशी, पहिल्या तासिकेत, वीसही कार्डं दाखवा. ५, ७, ६ असे आले तर मधला ६ धरा. एकाच दिवशी मोजलं की त्या दिवशीचा ताप, अर्धवट झोप, उपाशी पोट सगळं त्या आकड्यात उतरतं. मग जुलैपासून अंदाजे किती नवे अंक आले ते पाहा. तीन आले असतील, तर रोजच्या सरावाने डिसेंबरपर्यंत आणखी सहा हे ताणलेलं पण आवाक्यातलं आहे. वीसपैकी वीस लिहिलंत तर जानेवारीत ‘साध्य नाही’ असा शेरा ठरलेलाच, आणि तो शेरा मुलाला चिकटतो.

मोजताना नेहमी होणाऱ्या चुका सांगते. कार्डं क्रमाने दाखवली तर मूल अंक ओळखत नाही, पाठ म्हणतं. कार्डं समोर मांडून विचारलं तर आपली नजर नकळत योग्य कार्डाकडे जाते, हुशार मूल ती पकडतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: ‘पंधरा कुठे आहे, दाखव’ हे ‘हा कोणता अंक?’ यापेक्षा सोपं असतं. ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, नोंदी एकत्र करू नका. मराठीत तर नावांचाही घोळ आहे. १९ लिहायचं एक आणि नऊ, म्हणायचं ‘एकोणीस’, म्हणजे विसाला एक कमी. पुष्कळदा मूल आकृती ओळखतं आणि नावापाशी अडतं. ते वेगळं टिपलंत तर काय शिकवायचं हेही तिथेच कळतं.

नोंदवही

वेळेचं बोलायचं तर वीस कार्डांना चार-पाच मिनिटं पुरतात. सोमवारी आणि गुरुवारी, बाकी वर्ग पाढे लिहीत असताना. वहीचं एक पान, वर तारखा, डावीकडे अंक. प्रत्येक चौकोनात एकच खूण: ‘स्व’ म्हणजे स्वतः, ‘तों’ म्हणजे तोंडी सूचना दिल्यावर, ‘खु’ म्हणजे खुणेने, ‘हा’ म्हणजे हात धरून. बेरीज फक्त ‘स्व’ची करायची. पण बाकीच्या खुणाही ठेवा. ‘हा’वरून ‘खु’वर आलेलं मूल पुढे सरकलेलं असतं आणि नुसत्या गुणांत ते दिसत नाही.

मग आलेखाचा कागद घ्या. आजचा ६ हा बिंदू, डिसेंबरअखेरचा १२ हा बिंदू, दोन्ही पट्टीने जोडा. दर मोजणीचा बिंदू त्यावर मांडत जा. लागोपाठ चार बिंदू रेषेखाली पडले, तर शिकवण्यात एक बदल करा. चारही वर पडले तर लक्ष्य वाढवा. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. पालकांसमोर हा कागद ठेवला की शब्दांची गरज निम्मी होते.

केंद्रशाळेतून

बाई, बैठकीत मुलाला काय येत नाही यावर येण्याआधी एक मोजणी आपली करा. आराखड्यात ‘रोज १५ मिनिटं वैयक्तिक सराव’ असं लिहिलं असेल, तर शाळेच्या गेल्या ५० दिवसांत तो किती दिवस झाला? २० दिवस झाला असेल, तर उद्दिष्ट कमी करणं हा मुलावर अन्याय आहे. आधी वेळापत्रक बदला. नंतर मुलाची हजेरी पाहा. मग डोळे आणि कान: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, त्यांच्या कार्डावर काय लिहिलंय, चष्मा सांगितला असेल तर तो मुलाच्या डोळ्यांवर आहे की घरी कपाटात? फिटचं औषध चालू असेल तर सकाळी झापड येते का, हे आईला विचारा. हे सगळं पाहून झाल्यावरच शिकवण्याची पायरी लहान करायची की पद्धत बदलायची ते ठरवा.

तारीख विशेष शिक्षकांच्या भेटीच्या दिवशीच ठेवा. पालक मजुरीला जात असतील तर आठवडी बाजाराचा किंवा सुट्टीचा दिवस त्यांनाच विचारून ठरवा. चाळीस मिनिटं पुरे. पहिल्यांदा पालकांना बोलू द्या: घरी तो काय करतो, काय टाळतो. मग प्रत्येक उद्दिष्टापुढे एकच शब्द: साध्य, चालू, बदल किंवा बंद. त्यापुढे कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत. घरासाठी एकच काम द्या आणि ते घरातलंच असू द्या, जसं जेवायला माणसं मोजून ताटं मांडणं. वाचून दाखवल्याशिवाय सही घेऊ नका, कोऱ्या नमुन्यावर तर कधीच नाही. एक प्रत पालकांना द्या.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ मध्ये प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा सहभाग आणि प्रगती यांवर लक्ष ठेवण्याचं स्पष्ट म्हटलं आहे. त्यामुळे हे काम महिन्यातून दोनदा येणाऱ्या शिक्षकांवर सोडता येत नाही, ते शाळेचंच आहे.

चौथीच्या_बाई

खूप मदत झाली. अंकांचं समजलं. ‘वाचनाची गोडी’ आणि ‘स्वावलंबन’ मोजता येईल असं कसं लिहू?

फिरती_विशेष_शिक्षिका

स्वावलंबनात एकच काम निवडा. समजा, सुटताना दप्तर भरणं. पायऱ्या: वह्या एकत्र करणे, पुस्तकं रचणे, दप्तरात घालणे, कंपास ठेवणे, पाण्याची बाटली कडेच्या कप्प्यात, चेन लावणे, दप्तर पाठीवर घेणे. शेवटाकडून शिकवा. आधी सहा पायऱ्या तुम्ही करा, पाठीवर घेणं त्याने करायचं. ते जमलं की चेनही त्याची. रोज काम पुरं केल्याचा आनंद त्याला मिळतो, म्हणून ही पद्धत टिकते. नोंद ‘७ पैकी ३ स्वतः’ अशी.

गोडी मोजता येत नाही, शब्द येतात. आठ घ्या: स्वतःचं नाव, आडनाव, गावाचं नाव, शाळा, मुलगे (स्वच्छतागृहावरचं), पाणी, धोका, थांबा. कागदी पट्टीवर येतं आणि एसटीच्या पाटीवर येत नाही, असं फार होतं. म्हणून दोन्हीकडे तपासा. आराखड्यात एकंदर तीन-चारपेक्षा जास्त उद्दिष्टं ठेवू नका.

केंद्रशाळेतून

आणखी एक. तुमची शाळा चौथीपर्यंतच असेल तर एप्रिलचा आढावा पाचवीच्या शाळेतल्या वर्गशिक्षकांना सोबत घेऊन करा. दाखल्याबरोबर आलेखाचा कागद, खुणांचं पान आणि ‘कशाने जमतं, कशाने बिथरतो’ अशा दहा ओळी पाठवा. हे गेलं नाही की जूनमध्ये तिथे पुन्हा १ ते १० पासून सुरुवात होते.