पदच्युत, पायउतार की उचलबांगडी?

शाईदौत: चीनच्या हान घराण्यातल्या ल्यू ह या सम्राटावरचा लेख मराठीत आणतेय. इ.स.पू. ७४ मध्ये गादीवर बसला आणि २७ दिवसांत गेला. वय अठरा-एकोणीस. महासेनापती हुओ ग्वांगने भर दरबारात त्याचा हात धरला, राजमुद्रा फितीसकट सोडवून घेतली आणि पंधराएक वर्षांच्या राजमातेकडे दिली. मी लिहिलं, 'सम्राट पायउतार झाला'. संपादकांनी 'पदच्युत' केलं. मला ते पाठ्यपुस्तकी वाटतं. माझं चुकलं का?

गोदाकाठ: चुकलंच. पायउतार माणूस आपण होतो, घोड्यावरून, पालखीतून. बडोद्याच्या मल्हाररावांना इंग्रजांनी १८७५ मध्ये गादीवरून काढलं. ते 'पायउतार झाले' असं म्हणणार का?

शाईदौत: पण मंत्र्याचा राजीनामा मागून घेतला तरी पेपरात पायउतारच छापतात.

चौथरा: छापलं म्हणून बरोबर होत नाही. च्युत म्हणजे ढळलेला. जो ढळत नाही तो अच्युत. चिनी सम्राट स्वर्गाचा पुत्र, त्याला 'पदच्युत'च शोभतं.

माळरान: तो ढळला कुठे? ढकलला! आरोप वाचा: २७ दिवसांत १,१२७ गैरकृत्यं, म्हणजे रोज चाळीसच्या वर. सुतकात मांस खाल्लं, हेही त्यात. त्याच्याबरोबर आलेल्या दोनशेवर माणसांना ठार मारलं. नानछांगजवळ २०११ मध्ये त्याची कबर सापडली, तिच्यात कन्फ्युशियसच्या वचनांच्या बांबूपट्ट्या निघाल्या. हा म्हणे उनाड! माझ्या मते ही सरळ उचलबांगडी आहे.

गोदाकाठ: उचलबांगडी कारकुनाची होते, बदली करताना. सम्राटाला हा शब्द लावू नका.

माळरान: का नको? आमच्या गावात शाळा बुडवणाऱ्या पोराला चौघं हातपाय धरून उचलून न्यायचे, त्याला उचलबांगडी म्हणत. मला तसं नेलंय, दोनदा. पोराचं काही न ऐकता थोरांनी उचलायचं. तिकडे दुसरं काय झालं?

चौथरा: मग त्यात 'बांगडी' कशी आली? मनगट धरतात म्हणून?

ताकमेतकूट: माझी आजी 'उचलपांगडी' म्हणायची, स्पष्ट 'प'. मग बांगडीचा संबंधच उरत नाही.

शाईदौत: माझ्या वाक्याचं काय करू? उद्या द्यायचंय.

चौथरा: ताकमेतकूट, आजी कुठल्या? आमच्या सांगलीकडे 'पांगडी' कधी कानावर आलं नाही.