नुनावुतची पंचवीस गावं: राहू द्यावीत की हलवावीत?

उत्तरायण: कॅनडाच्या उत्तरेकडचा नुनावुत हा प्रदेश. त्यात सहा महाराष्ट्र आरामात मावतील, पण २०२१च्या जनगणनेत माणसं ३६,८५८. गावं २५, एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला रस्ता नाही. विमान, नाहीतर उन्हाळ्यात बर्फ फुटल्यावर येणारं जहाज. ग्रीस फिओर्डमध्ये तर १४४ माणसं! त्यांच्यासाठी शाळा, दवाखाना, धावपट्टी, डिझेलवरची वीज. माझं मत: चार-पाच मोठी गावं ठेवा, बाकीच्यांना चांगली घरं देऊन तिथे आणा.

ससेमिरा: ग्रीस फिओर्ड वसलं कसं ते आधी वाचा. १९५३ आणि १९५५ साली सरकारनेच क्वेबेकमधल्या इनुक्जुआक गावची इनुइट (तिथले मूळ रहिवासी) कुटुंबं उचलून तिथे आणि उत्तरेतल्याच रेझोल्यूट गावी नेऊन सोडली. भरपूर शिकार मिळेल, नाही आवडलं तर दोन वर्षांत परत आणू, असं सांगून. इनुक्जुआकला हिवाळ्यातही रोज सूर्य दिसतो, ग्रीस फिओर्डला तीन महिने उगवत नाही. परत आणायचा शब्द पाळला नाही. माफी मागितली २०१० साली. आता त्यांच्याच नातवंडांना पुन्हा 'चला, उठा'?

उत्तरायण: म्हणजे जागा लोकांनी निवडलीच नव्हती. मग चूक दुरुस्त करायला काय हरकत?

खारा वारा: सगळ्या गावांना एकच माप लावू नका. २५ पैकी एकटं बेकर लेक समुद्रापासून आत, बाकी सगळी किनाऱ्यावर. सील, वालरस, मासे जिथे, तिथे माणूस. आणि तुमचं 'मोठं गाव', नुनावुतची राजधानी इकालुइत? मासेमारीचा जुना तळ होता, १९४२ साली अमेरिकेने तिथे धावपट्टी बांधली म्हणून वाढला.

टोरांटोकर: इकालुइतला कामासाठी दहा दिवस होतो. जमीन कायमची गोठलेली, घराच्या उबेने ती वितळून खचू नये म्हणून घरं खांबांवर. आमच्याकडे पाणी टँकरने यायचं (माण-खटाव आठवलं!), सांडपाणी न्यायला दुसरा टँकर. आहेत त्यांनाच तिथे घरं पुरत नाहीत. उत्तरायण, तुमची माणसं ठेवणार कुठे?

उत्तरायण: घरं बांधावी लागतील, मान्य. पण तोच पैसा २५ ठिकाणी विखरून काय साधतं? बाळंतपणाला विमानाने दुसऱ्या गावी जावं लागतं, त्या बाईला विचारा.

ससेमिरा: विचाराच. तिलाच विचारा, एवढंच म्हणतोय. आमच्या आजोबांचं घर कोयनेच्या पाण्यात गेलं, जमीन मिळाली सोलापूर जिल्ह्यात. ज्वारी पिकवायला शिकले. पण पाऊस सुरू झाला की भाताची रोपं निघाली असतील का, हे शेवटपर्यंत विचारायचे.