वरणफळं दोघांपुरती: डाळ शिजत नाही, फळांचा गोळा होतो

लातूरकर:
रात्री दोघांना पटकन आणि स्वस्तात होईल म्हणून वरणफळं, म्हणजे वरणात शिजवलेले कणकेचे तुकडे (फळं). भाजी-भाकरी वेगळी करायची नाही. शेगडीला एकच बर्नर, कुकर 3 लिटरचा. अडचण अशी की 4 शिट्ट्या घेतल्या तरी डाळ कण-कण राहते आणि फळं एकमेकांना चिकटतात. मापासकट सांगा.

उदगीरवाली:
पाणी बोअरचं आहे का? आपल्याकडच्या जड पाण्यात तूर गळतच नाही, शिट्ट्या वाढवून गॅस तेवढा जातो. डाळीपुरतं फिल्टरचं पाणी घ्या. डाळ जुनी असेल तर अर्धा तास कोमट पाण्यात भिजू द्या. चिंच किंवा टोमॅटो कुकरात नको, आंबटानं डाळ टणक राहते.

माप 200 मिलीच्या वाटीनं: तूरडाळ अर्धी वाटी, पाणी दीड वाटी, हळद, थेंबभर तेल. कुकर लावला की कणीक भिजवा: सव्वा वाटी कणीक, चमचाभर बेसन, मीठ, हळद, चिमूटभर ओवा, चमचाभर तेल. पुरीसारखी घट्ट हवी. सैल कणीक वरणात पीठ सोडते, गोळा तिथंच होतो. पातळ लाटा, शंकरपाळ्यासारखी कापा. जाड फळ बाहेरून शिजलेलं दिसतं, आत कच्चं.

फोडणी: दोन चमचे तेल, मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, ठेचलेला लसूण 6-7 पाकळ्या. लसूण लाल झाला की गॅस बारीक करून दीड चमचा काळं तिखट (तिखट काळा मसाला). मोठ्या आचेवर ते जळून कडू होतं. लगेच घोटलेलं वरण, 3 वाट्या गरम पाणी, मीठ, सुपारीएवढ्या चिंचेचा कोळ आणि तेवढाच गूळ.

करडई:
माप बरोबर आहे. बेसन नाही घातलं तरी अडत नाही. खरी गंमत फळं सोडण्यात आहे. वरण खळखळ उकळल्याशिवाय एकही सोडू नका. कापलेल्या फळांवर कोरडं पीठ भुरभुरून सुटी ठेवा, मूठभर सोडा, उकळी परत आली की पुढची मूठ. पहिली दोन मिनिटं डाव घालू नका, तुटतात. मग तळापासून हलक्या हातानं हलवा, नाहीतर बुडाला लागतं. मध्यम आचेवर 8-10 मिनिटं, झाकण अर्धवट. पूर्ण झाकलं की हमखास उतू जातं.

लातूरकर:
ताटात घेईपर्यंत घट्ट होतं, त्याचं काय?

करडई:
होणारच, फळं पाणी ओढत राहतात. गॅस बंद करताना आमटीइतकं पातळ ठेवा. वाढताना वरून करडईचं कच्चं तेल, सोबत फोडलेला कांदा. तूप हवं असेल तर घ्या, पण काळ्या तिखटाला तेलच शोभतं.

उदगीरवाली:
उरलं तर सकाळी आधी गरम पाणी घालून सैल करा, मगच गॅसवर ठेवा. तसंच तापवलं तर खाली करपतं आणि वर थंड राहतं.

आणि डाळ लावायलाही वेळ नसेल त्या दिवशी येसराची (भाजलेल्या धान्य-डाळींच्या मसालेदार पिठाची) आमटी करा. तीन चमचे येसर आधी थंड पाण्यात कालवायचं, गरमात टाकलं की गुठळ्या. वरचीच फोडणी, पण काळं तिखट अर्धाच चमचा, येसरात मसाला असतो. 3 वाट्या पाणी उकळलं की कालवलेलं येसर ओता, 7-8 मिनिटं उकळा. सकाळची भाकरी त्यात कुस्करायची.